आठ कोनांची मंडई

पुण्याच्या महात्मा फुले मंडईचा पुढचा दरवाजा कोणता, असं मंडईतच कुणाला विचारून पाहावं. तुळशीबागेकडून आलेली बाई एक दाखवील, शुक्रवार पेठेतले आजोबा दुसरा, आणि टिळक पुतळ्यापाशी टेम्पो उभा करणारा माणूस तिसराच. तिघांचंही बरोबर असतं, कारण या इमारतीला दर्शनी अशी बाजूच नाही. मधोमध आठ कोनांचा उंच मनोरा, त्याच्यापासून बाहेर फाकत गेलेली लांबट दालनं, काळ्या दगडाचं बांधकाम, टोकदार कमानी आणि वर उतरतं छप्पर. ज्या बाजूनं याल त्या बाजूनं आत जाता येतं, आणि आत शिरलं की चार पावलांत भाजी समोर येते.

सव्वाशेहून अधिक वर्षांत या इमारतीनं खूप काही सांभाळलं. इथं भाजीबाजार भरला, वरच्या मजल्यावर नगरपालिकेचा कारभार चालला, वस्तुसंग्रहालय मांडलं गेलं. बाहेर पुतळा उभा राहिला, त्याच्या पायथ्याशी सभा गाजल्या, शेजारी गणपती बसला. आता जमिनीखाली मेट्रोचं स्थानक झालं आहे. यातलं बरंचसं आलं आणि कालांतरानं दुसरीकडे गेलं. भाजी तेवढी गेली नाही. मंडईचा इतिहास सांगताना लोक मनोरा, कमानी, साहेबाचं नाव यांत रमतात. मला वाटतं, ही इमारत आजवर टिकली ती भाजीमुळे. भाजी गेली तर कमानी राहतील, मंडई राहणार नाही.

एकोणिसाव्या शतकात पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरत असे. पेशव्यांचा वाडा १८२८ च्या आगीत जळून गेला होता, तटबंदी आणि दिल्ली दरवाजा तेवढा उभा होता, आणि त्या दरवाजासमोर शेतकरी, माळी, बागवान उघड्यावर माल मांडून बसत. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ, आणि संध्याकाळी उरलेला पालापाचोळा तिथंच कुजत पडलेला. पुण्यात नगरपालिका आली ती १८५७-५८ च्या सुमारास. शहराची स्वच्छता, पाणी, दिवाबत्ती ही कामं तिच्याकडे आली, त्यात बाजारही आला. १८८० च्या आसपास ठरलं, की भाजीबाजार छपराखाली न्यायचा. त्यासाठी शुक्रवार पेठेतली खासगीवाल्यांची जागा घेतली गेली. ही पेठ वसवली तीच जिवाजीपंत खासगीवाले यांनी, अठराव्या शतकात. म्हणजे ज्या घराण्यानं पेठ वसवली, त्याच घराण्याच्या जमिनीवर पुढे त्या पेठेची ओळख ठरणारी इमारत उभी राहिली.

आराखडा लेफ्टनंट कर्नल वॉल्टर ड्यूकॅट या लष्करी इंजिनिअरचा, आणि बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकर यांचं. कानिटकरांचं नाव आज फारसं कुणी घेत नाही. फर्ग्युसन कॉलेजची मुख्य इमारतही त्यांच्याच हातची, एवढं सांगितलं तरी त्यांच्या कामाचा दर्जा ध्यानात यावा. १८८६ साली इमारत खुली झाली आणि तिला त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव मिळालं. हे रे साहेब जन्मानं हॉलंडचे, तिथल्या संसदेत बसून आलेले. १८८५ ते १८९० अशी पाच वर्षं ते गव्हर्नर होते, आणि पुण्यातल्या भाजीवाल्यांच्या तोंडी त्यांचं नाव त्याहून कितीतरी जास्त वर्षं राहिलं. ‘रे मार्केट’ म्हणणारे म्हातारे पुण्यात अगदी अलीकडेपर्यंत भेटत.

आठ कोन कशासाठी? शोभेसाठी, असं सहज वाटतं. पण त्या काळी वीज नव्हती, पंखे नव्हते, आणि पालेभाजीचा खरा शत्रू म्हणजे कोंडलेली उष्ण हवा. मधला भाग उंच ठेवला की तापलेली हवा वर जाते आणि बाजूच्या कमानींतून गार हवा आत येते. लांबट दालनांना दोन्ही अंगांनी उजेड मिळतो, त्यामुळे भेंडी कोवळी की जून हे दिवा न लावता कळतं. मध्यभागी उभं राहिलं की प्रत्येक दालनात नजर पोचते. बाजारावर देखरेख करणाऱ्याला ही सोय मोठीच. शिवाय मंडईच्या चारी अंगांना दाट वस्तीच्या पेठा आहेत, सगळ्या बाजूंनी रस्ते येऊन मिळतात. चौकोनी इमारत उभी केली असती तर एका रस्त्याला तोंड आणि बाकीच्यांना पाठ आली असती. इथं कुणाकडेच पाठ नाही.

मुंबईत याच्या आधीच, १८६९ साली, क्रॉफर्ड मार्केट झालं होतं. त्याला मनोरा आहे, घड्याळ आहे, प्रवेशद्वारावर लॉकवूड किपलिंग यांनी घडवलेली शेतकऱ्यांची शिल्पं आहेत. दिमाखात ते सरस आहे यात वाद नाही. पण ते कोपऱ्यावर उभं राहून रस्त्याकडे बघतं. पुण्याची मंडई पेठांच्या मधोमध बसलेली आहे. पुढे या दोन्ही बाजारांना एकाच माणसाचं नाव मिळालं. मात्र पुण्याच्या मंडईला ते मिळालं त्यामागची कथा फार वेगळी आहे, आणि ती नीट सांगितलीच पाहिजे.

जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. नेमलेले सदस्य सहसा होकारापुरते असत. जोतीराव तसे नव्हते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा ठराव आला, तेव्हा विरोधात मत देणारे ते एकटे होते. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं. पुढे नव्या मार्केटच्या इमारतीचा लाखोंचा खर्च समोर आला, त्यालाही त्यांनी विरोध केला. या वेळी हरी रावजी चिपळूणकर त्यांच्या बाजूला होते. विरोध मोडून काढला गेला आणि इमारत झाली.

हा विरोध कोण करत होतं, हे लक्षात घ्यायला हवं. जोतीराव माळी समाजातले. फुलांच्या व्यवसायावरून घराण्याला फुले हे नाव पडलेलं. मांजरीला त्यांची शेती होती. ते स्वतः कंत्राटदार होते. खडकवासल्याच्या कामाला त्यांनी माल पुरवला होता. म्हणजे भाजी पिकवणं काय, ती विकणं काय आणि दगड-चुन्याचं बांधकाम काय, तिन्हींचे हिशेब त्यांना तोंडपाठ. अशा माणसानं लाखोंच्या मार्केटला नाही म्हटलं, ते बाजाराला छप्पर नको म्हणून नव्हे. १८८२ सालीच त्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांसाठी होतो, हे त्यात त्यांनी स्पष्ट मांडलं. १८८३ साली त्यांचं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून झालं. ही वर्षं आणि मार्केट उभं राहायची वर्षं एकच आहेत. ज्याच्या मालासाठी हे दगडी दालन उभं राहत होतं, त्याच्या पोरांना शाळा नव्हती. जोतीरावांना ते सहन होत नव्हतं. आज मागे वळून पाहताना मला त्यांचा विरोध चुकीचा वाटत नाही, आणि इमारत झाली तेही वाईट वाटत नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न नगरपालिकेनं तेव्हा ऐकून घेतला नाही, ही गोष्ट इमारतीच्या इतिहासातून पुसू नये.

मंडई सुरू झाली ती खाली भाजी आणि वर कारभार अशी. मधल्या भागाच्या वरच्या मजल्यावर नगरपालिकेचं कार्यालय बसलं. लोकप्रतिनिधी आणि कोथिंबिरीच्या जुड्या एकाच छपराखाली, ही मांडणी आज कुणी सुचवली तर वेड्यात काढतील. मला ती फार योग्य वाटते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोपाळ कृष्ण गोखले पुण्याचे नगराध्यक्ष होते, त्या काळात शहराचा कारभार चाले तो इथून. घरपट्टीच्या तक्रारीला आलेला माणूस जाताना भाजी घेऊन जाई, आणि भाजीला आलेल्याला नळाच्या पाण्याची तक्रार करायची तर जिना चढला की झालं.

याच इमारतीत एक वस्तुसंग्रहालयही होतं. १८८८ च्या सुमारास स्वदेशी उद्योगांच्या प्रदर्शनाचं वारं पुण्यात होतं, त्यातून औद्योगिक वस्तूंचा संग्रह उभा राहिला आणि त्यालाही लॉर्ड रे यांचंच नाव लागलं. भाजी घ्यायला आलेल्या माणसाला कारागिरीचे नमुने आणि नवनव्या वस्तू बघायला मिळाव्यात, ही कल्पना चांगली होती. तिकीट काढून संग्रहालयात कधीच न जाणारा माणूस इथं पिशवी हातात घेऊन वर डोकावू शकत होता. पुढे हा संग्रह घोले रस्त्यावर गेला. आज तो महात्मा फुले वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखला जातो. नगरपालिकेचं कार्यालयही १९३० च्या दशकात विश्रामबागवाड्यात हललं आणि महापालिका झाल्यावर मुठेपलीकडे शिवाजीनगरला गेलं. वरचे मजले रिकामे झाले. खालचे गाळे भरलेलेच राहिले.

आता पुतळ्याची गोष्ट. लोकमान्य १९२० साली गेले. नरसिंह चिंतामण केळकर नगराध्यक्ष असताना टिळकांचा पुतळा मंडईत उभा करायचं ठरलं. शिल्पकार विनायकराव वाघ. २२ जुलै १९२४ रोजी मोतीलाल नेहरूंनी अनावरण केलं. परक्या गव्हर्नरच्या नावाच्या मार्केटच्या दारात टिळकांना उभं करण्यात जो अर्थ होता तो सरकारलाही कळत होता आणि भाजीवाल्यांनाही.

त्यानंतर एकाच वर्षानं, १९२५ साली, केशवराव जेधे यांनी पुण्यात जोतीराव फुल्यांचा पुतळा उभारावा असा ठराव नगरपालिकेत आणला. तो फेटाळला गेला. त्यांचं घर, जेधे मॅन्शन, मंडईपासून हाकेच्या अंतरावर, याच शुक्रवार पेठेत. या वादातून दिनकरराव जवळकर यांचं ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक आलं, त्यावर खटला झाला, आणि वकील म्हणून त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. ज्या इमारतीच्या खर्चावरून जोतीराव भांडले, त्याच इमारतीतल्या नगरपालिकेनं चाळीसेक वर्षांनी त्यांच्या पुतळ्याला नकार दिला होता. पुणं म्हणजे काय होतं हे समजून घ्यायचं असेल तर १९२४ आणि १९२५ ही दोन वर्षं एकमेकांशेजारी ठेवून वाचावीत.

या नकाराला उत्तर मिळालं तेही नगरपालिकेतूनच. १९३० च्या दशकाच्या अखेरीस आचार्य प्र. के. अत्रे नगरपालिकेत निवडून आले. त्यांच्या पुढाकारानं रे मार्केटचं नाव बदलून महात्मा फुले मंडई झालं. अत्र्यांनी पुढे ‘महात्मा फुले’ हा चित्रपटही काढला आणि त्याला राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. पण मला त्यांचं हे नामकरण अधिक मोलाचं वाटतं. पुतळ्याला वर्षातून एकदा हार पडतो. मंडईचं नाव रोज शेकडो तोंडांतून जातं, रिक्षावाल्याला सांगताना, बसच्या पाटीवर, आणि आता मेट्रोतल्या सूचनेत. तरी एक खंत राहते. घाईत सगळे नुसतं ‘मंडई’ म्हणतात, आणि फुल्यांनी या वास्तूच्या खर्चाला विरोध केला होता हे इथं रोज येणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, शंकाच आहे. त्यांचा तो विरोध सांगणारा एक ठसठशीत फलक मनोऱ्याखाली लागला पाहिजे, नावाचा मान त्यानं वाढेलच.

बाहेरचं अंगण म्हणजे पुण्याचं मंडई विद्यापीठ. टिळक पुतळ्याभोवती सभा झाल्या, मोर्चे निघाले, आणि सभा नसेल तेव्हा कट्ट्यावर राजकारणाचा काथ्याकूट चाले. अजूनही चालतो, पण बसायची जागा आक्रसली आहे. अखिल मंडई मंडळाचा शारदा-गजानन १८९४ पासूनचा. गजाननाशेजारी शारदा विराजमान असलेली ही मूर्ती पुण्याच्या गणेशोत्सवात वेगळी उठून दिसते. अनंत चतुर्दशीला विसर्जनाची मुख्य मिरवणूक सुरू होते ती इथून, टिळक पुतळ्यापासून. मानाचा पहिला कसबा गणपती पुढे निघतो आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत शहराचा जीव या रस्त्यावर असतो.

शेजारच्या इमारतींचं काय झालं, तेही बघण्याजोगं आहे. मंडईलगत आर्यन नावाचं चित्रपटगृह होतं, गंगाधर पाठक यांनी १९१५ साली सुरू केलेलं, पुण्यातलं पहिलं. मूकपटांपासून पुण्यानं सिनेमा बघितला तो तिथं. आज त्या जागी वाहनतळ आहे, नाव मात्र आर्यनच. मिनर्व्हा चित्रपटगृहाचीही तीच गत. एकाच परिसरातल्या दोन वास्तू गाड्या लावण्यासाठी गेल्या आणि भाजीची राहिली.

ती राहिली, कारण तिचं काम संपलं नाही. मंडईवरही एक मोठा प्रसंग येऊन गेला होता. शहर वाढलं, ट्रक मोठे झाले, पेठांच्या गल्ल्यांतून घाऊक माल आणणं अशक्य झालं, आणि आडत्यांचा घाऊक व्यवहार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. जगभर अशा वेळी जुन्या बाजारांचं काय झालं ते पाहावं. पॅरिसचा ले आल बाजार १९६९ साली रुंजीला नेला आणि १९७१ मध्ये त्याचे लोखंडी मंडप पाडायला सुरुवात झाली. लंडनचं कॉव्हेंट गार्डन १९७४ साली नाइन एल्म्सला गेलं. इमारत राहिली, पण आता तिथं पर्यटक फिरतात आणि भाजी नाही. पुण्यात घाऊक गेलं, किरकोळ राहिलं. शेजारी नवी मंडई उभी राहिली तरी जुनी मंडई बंद पडली नाही. मार्केट यार्डात पहाटे माल घ्यायचा आणि टेम्पोतून इथं आणून मांडायचा, ही नवी वाट गाळेवाल्यांनी स्वतःच पाडली.

आत एकदा सावकाश फिरून पाहावं. गाळे जमिनीपासून वर, दगडी ओट्यांवर. विक्रेता मांडी घालून बसला की गिऱ्हाईक उभं राहून त्याच्या डोळ्याला डोळा भिडवू शकतं; कुणी कुणापुढे वाकत नाही. पालेभाजीखाली ओलं गोणपाट, वर अधूनमधून पाण्याचा शिपका. मेथीच्या जुड्यांची मुळं सगळी एकाच बाजूला, म्हणजे उचलताना पानं चुरगळत नाहीत. मिरची, आलं, लिंबू, कढीलिंब यांचा ओटा वेगळा, आणि तिथला माणूस बोटांनी चिमूट घेतो ती दहा रुपयांची बरोबर भरते. शेर-पावशेर गेले, किलो आले, तागडीच्या जागी आकडे दाखवणारा काटा आला. तरी वजन झाल्यावर वरून दोन मिरच्या टाकायची रीत गेलेली नाही. हंगामात पुरंदरचा मटार, सीताफळं आणि अंजीर येतात, नारायणगावचे टोमॅटो बाराही महिने. बाहेर पदपथावर आसपासच्या गावांतून आलेल्या बाया पाट्या घेऊन बसतात. अंबाडी, चाकवत, घोळ, पावसाळ्यात टाकळा आणि शेवळं हवी तर त्यांच्याकडेच जावं लागतं. “मावशी, ही कशी करायची?” असं विचारलं की लसणाच्या फोडणीपासून सगळी कृती ऐकायला मिळते.

२९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग खुला झाला आणि कसबा पेठ व स्वारगेट यांच्यामध्ये मंडई स्थानक आलं. ते होईस्तोवर काही वर्षं इथं पत्रे ठोकलेले होते, रस्ते वळवलेले होते, गिऱ्हाईक रोडावलं होतं. विक्रेत्यांनी ते सोसलं. आता कोथरूड-पिंपरीचा माणूस गाडी न आणता मंडईच्या दाराशी वर येतो. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत मंडईच्या वाट्याला आलेली ही सगळ्यांत चांगली गोष्ट आहे, मात्र तिचा फायदा भाजीला व्हायला हवा. मेट्रो आली की जागेचे भाव चढतात. मग खाऊगल्ली करा, हस्तकलेचं दालन करा, हेरिटेज प्लाझा करा, अशा सूचना येऊ लागतात. जुन्या वास्तूला नवा उपयोग देणं सगळीकडे वाईट नसतं. जिथं मूळ काम संपलं आहे तिथं ते करावंच. मंडईचं मूळ काम रोज सकाळी चालू आहे.

वरच्या रिकाम्या मजल्यांचा प्रश्न निराळा. तिथं शहराच्या बाजारांचा, माळी-बागवानांचा, तोलाईचा आणि हमालीचा इतिहास मांडणारं छोटं संग्रहालय पुन्हा यावं, आणि मनपाचं एक नागरिक सुविधा केंद्रही यावं. दोन्ही गोष्टी इथं पूर्वी होत्याच. छप्पर, पन्हळी, दगडाच्या सांध्यांतली झाडं यांची देखभाल मात्र वर्षाच्या वर्षी व्हायला हवी, गळती लागल्यावर नव्हे. आणि गाळेवाल्यांच्या पुढच्या पिढीला हा धंदा परवडेल असे भाडे-परवाने ठेवणं महापालिकेच्या हातात आहे. ते नसेल तर दुरुस्त केलेली इमारत भाजीवाल्याविना उभी राहील.

बाकीचं पुणेकरांच्या हातात आहे. दहा मिनिटांत घरपोच भाजी येते, मला मान्य आहे, आणि म्हाताऱ्या-आजारी माणसांना त्याचा आधारही आहे. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी आठवड्यातून एकदा कापडी पिशवी घेऊन मंडईत जावं, पोरांना बरोबर न्यावं, आणि भाजी घ्यावी.